फ्लॅट कॅप घेताय? आधी टेप काढा

मागच्या अंकात थंडीच्या कपड्यांबद्दल लिहिताना फ्लॅट कॅपचा ओझरता उल्लेख केला होता, ती चपटी टोपी, पुढे छोटीशी चोच, आपल्याकडे बरेच जण जिला गोल्फ कॅप म्हणतात. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच दिलंय. जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय की माझ्या चेहऱ्याला शोभेल का, आणि डोक्याचं माप मात्र एकीनेच कळवलंय. म्हणून पहिल्या उत्तरात मापाबद्दल जरा सविस्तर लिहितेय, बाकीच्यांनीही ते वाचा.

प्रश्न – ताई, वय ६४, रिटायर्ड, पाचपाखाडीत राहतो, रोज सकाळी कचराळी तलावावर चालायला जातो. डोक्यावर केस नाहीत, चेहरा गोल, चष्मा आहे. मुलीने ऑनलाइन फ्लॅट कॅप मागवून दिली, फ्री साइज, पण घातली की चेहरा अजूनच मोठा दिसतो असं घरचे म्हणतात आणि तासाभराने कपाळ दुखायला लागतं. गोल चेहऱ्याला ही टोपी शोभतच नाही का?

शोभते काका, पण ही शोभणार नाही. कपाळ दुखतंय म्हणजे टोपी लहान आहे, आणि लहान टोपी डोक्यात खाली उतरत नाही, वरच अडकून बसते, मग तिच्याखाली अख्खा चेहरा उघडा पडतो आणि आहे त्याहून मोठा वाटतो. चेहऱ्याचा यात काही दोष नाही.

घरातला शिवणकामाचा कापडी टेप घ्या, सुताराचा स्टीलचा नको. भुवयांच्या साधारण दोन बोटं वर कपाळावर लावा, कानांच्या किंचित वरून मागे न्या, मागे डोक्याचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरून फिरवा आणि परत पुढे आणा. ओढून धरायचा नाही, टेपच्या आत एक बोट सरकलं पाहिजे. दोनदा मोजा आणि जास्त येईल तो आकडा धरा. साधारण ५७ सेंटिमीटर म्हणजे मीडियम, ५९ लार्ज, ६१ एक्सएल असं बऱ्याच ठिकाणी असतं, पण प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं त्यामुळे अक्षरावर जाऊ नका, सेंटिमीटरच विचारा. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठी घ्या, कारण सैल टोपीच्या आतल्या पट्टीमागे फोमची बारीक पट्टी सरकवून ती घट्ट करता येते, लहान टोपी मोठी करता येत नाही. फ्री साइजमध्ये मागे इलॅस्टिक असतं, मोठ्या डोक्यावर ते पूर्ण ताणलं जातं आणि सतत आवळत राहतं, त्यात केस नसले की कपाळावर वळ उठलाच.

आता गोल चेहऱ्याचं. डोक्याला चापून बसणारी, एकदम सपाट टोपी घेऊ नका, वरचं कापड पुढून थोडं उचललेलं, जरा भरदार असलेली घ्या, म्हणजे चेहऱ्याला उंची मिळते. चोच नाकाच्या सरळ रेषेत न ठेवता एका भुवईकडे अगदी थोडी कलती करा, तेवढ्याने पण फरक दिसतो. समोरून बघताना टोपीची बाजू गालांच्या फार बाहेर जायला नको. आणि बाजूने बघा! हे कोणी करतच नाही. मुलीला मोबाईलवर एक फोटो बाजूने काढायला सांगा, टोपी मागे मानेच्या दिशेने उतरलेली दिसली तर बरोबर, मागून उचललेली दिसली तर अजूनही लहानच आहे.

चष्म्यासाठी चोच आखूड हवी, लांब चोच फ्रेमवर टेकते आणि चष्मा नाकावरून खाली ढकलते. केस नाहीत म्हणून आतलं अस्तर सुतीच बघा, पॉलिस्टरचं चकचकीत अस्तर दिसायला भारी असतं पण घामाने टाळूला चिकटतं. बिनअस्तराची असेल तर टोपी उलटी करून आतून शिवणींवर बोट फिरवा, शिवणींना पायपिंग, म्हणजे वरून बारीक कापडी पट्टी, केलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्या टोचतात. शक्यतो गोखले रोड, राम मारुती रोडला चक्कर मारा आणि घालून बघूनच घ्या.

प्रश्न – वय २६, खारघरला राहतो, ऑफिस ऐरोलीला. चेहरा लांबट, दाढी आहे. मला ती वर बटणवाली, फुगीर टोपी हवीये, वेबसिरीजमध्ये जुने इंग्लिश लोक घालतात तशी, ट्वीडमध्येच, म्हणजे त्या जाड खरखरीत लोकरी कापडात. मित्र म्हणतात लांब चेहऱ्याला वाईट दिसेल. आणि ही फ्लॅट कॅपच ना?

ही तिची सख्खी बहीण. फ्लॅट कॅपला वर एकच मोठा तुकडा असतो, तो पुढे येऊन चोचीवर बसतो, आणि दोन्ही बाजूंना एकेक तुकडा. तुला हवीये ती आठ कळ्यांची, सगळ्या कळ्या मधोमध येऊन बटणाखाली मिळतात, तिला न्यूजबॉय किंवा बेकर बॉय म्हणतात. लांबट चेहऱ्याला उलट हीच जास्त बरी, कारण ती बाजूंनी भरते आणि चेहऱ्याला रुंदी देते. फक्त मधला भाग वर फुगवून ठेवू नको, हाताने दाबून बाजूंना आणि मागे सोड, आणि कपाळावर नीट खाली ओढ, कपाळ जेवढं झाकलं जाईल तेवढा चेहरा आखूड दिसतो. दाढी हनुवटीखाली लांब वाढवली असशील तर ती मात्र थोडी कापून घे.

घेताना एक गोष्ट नक्की बघ. कापड चौकटीचं किंवा हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेघांचं, असेल तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना रेषा एकमेकींना मिळतात का ते बघ. आठ कळ्यांत सगळीकडे मिळणं अवघड असतं, पण निदान समोरच्या, कपाळावरच्या शिवणीला तरी मिळायला हव्यात. ज्याने तिथे कापड जुळवून कापलंय त्याने बाकीचं कामही मन लावून केलेलं असतं, आणि जिथे रेषा वाकड्यातिकड्या भेटतात ती टोपी डोक्यावर पण वाकडीच बसते, कितीही सरळ करा.

पण ट्वीडबद्दल मी तुला नाही म्हणणार आहे. या टोप्या लोकरीच्या का, तर त्या थंड पावसाच्या मुलखातल्या आहेत. इंग्लंडात १५७१ साली संसदेने चक्क कायदा केला होता की सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी, सरदार-उमराव वगैरे सोडून, रविवारी आणि सणावारी देशात बनलेली लोकरीचीच टोपी घालायची, म्हणजे तिथला लोकरीचा धंदा टिकेल. कायदा १५९७ मध्ये रद्द झाला, पण साध्या कामकरी माणसाची लोकरीची टोपी राहिली ती राहिलीच. तिथे ती गरजेची होती रे. तू पनवेल-ठाणे लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत उभा राहणार, घामाने ती डोक्यावर भिजणार, आठवड्याभरात तू ती कपाटात टाकशील आणि चांगली टोपी वाया जाईल. जाडसर कॉटन ट्विल घे, किंवा कॉटन-लिनन मिक्स, नुसतं लिनन लवकर चुरगळतं. अजून एक सांगू? खादीचं जाड विणीचं कापड घेऊन चांगल्या टेलरकडून शिवून घे, आतून बिनअस्तराची. खादीला तो ट्वीडसारखा खडबडीतपणा असतो आणि हवा खेळती राहते, मला तर आपल्याकडे हीच टोपी सगळ्यात देखणी वाटते. ट्वीड घ्यायचीच असेल तर हिमाचल-लडाखच्या ट्रिपसाठी घे, तिथे तिचं चीज होईल.

प्रश्न – आम्ही दोघं मे महिन्यात लेकीकडे स्कॉटलंडला जातोय. मिस्टरांचं डोकं मोठं आहे, मापलं तर ६१ सेंटिमीटर आलं, इथे कुठलीच टोपी होत नाही. तिथे घ्यायची म्हणते, तर काय बघून घेऊ? केस पांढरे आहेत, वर्ण सावळा. – नेरूळ

माप आधीच घेतलंत, छान केलंत. तिथे ट्वीडच घ्या, मे महिन्यातही संध्याकाळी वाऱ्याला डोकं झाकावंसं वाटतं. बऱ्याच टोप्यांवर सेंटिमीटर असतात पण जुन्या पद्धतीचे आकडेही दिसतील, आणि ब्रिटिश आकडा अमेरिकन आकड्यापेक्षा एक-अष्टमांशाने कमी असतो. ५७ सेंटिमीटरला ब्रिटिश ७, ५९ ला सव्वासात, आणि तुमच्या ६१ ला साडेसात. अमेरिकन लेबल असेल तर साडेसात म्हणजे ६०, ती घट्ट होईल, त्यामुळे लेबल कुठलंय ते विचारून घ्या.

हॅरिस ट्वीड घेणार असाल तर आतलं लेबल बघा. गोलावर क्रॉस असं चिन्ह असतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, तिथल्या माणसांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येतं, त्यासाठी १९९३ चा कायदा आहे. ठिपके-ठिपके असलेलं दिसलं तर ते बहुधा डोनेगल, ते आयर्लंडचं. दोन्ही चांगली, पण हॅरिस जरा खरखरीत असतं तेव्हा अस्तराशिवाय घेऊ नका.

पांढऱ्या केसांवर फिकट राखाडी टोपी घातली की केस आणि टोपी एकच दिसतं, सगळं धुरकट. मिस्टरांना गडद निळा, शेवाळी हिरवा किंवा तपकिरीत थोडी विटकरी रेघ असलेला रंग बघा, सावळ्या वर्णाला हे रंग फार खुलतात.

प्रश्न – मुलींनी घातली तर चालते का? केस कुरळे आणि दाट आहेत, कुठलीही टोपी वर तरंगते. – वाशी

चालते काय, छानच दिसते! कुरळ्या केसांना आठ कळ्यांची घे, तिच्यात केस मावतात. माप घेताना केस जसे ठेवणार तसेच ठेवून माप, मोकळे तर मोकळे. अंबाडा वर नको, मानेवर खाली घाल, नाहीतर टोपी मागून उचलली जाते. पुढच्या दोन-चार बटा चोचीखालून बाहेर राहू दे, सगळे केस आत कोंबलेस तर चेहरा एकदम कडक दिसतो.

प्रश्न – घोडबंदर रोडला राहतो, पावसाळ्यात कपाटातल्या टोपीला बुरशी येते, मशीनला लावू का? आणि गेल्या पावसात एका टोपीची चोच वाकडी झाली ती सरळ होईल का?

मशीनला अजिबात लावू नका. चोच वाकडी झाली म्हणजे आत पुठ्ठा असणार, भिजला की तो फुगतो आणि परत पहिल्यासारखा होत नाही. टेलरकडे जाऊन चोचीची शिवण उसवून आत प्लॅस्टिकची पट्टी घालून घेता येते, टोपी चांगली असेल तर करून घ्या. पुढच्या वेळी घेताना चोच हलकी वाकवून सोडा, प्लॅस्टिक लगेच सरळ होतं, पुठ्ठा जरा मऊ पडल्यासारखा लागतो.

कॉटनची टोपी थंड पाण्यात, थोड्या शाम्पूत, हाताने. घाम आणि खोबरेल तेल सगळं आतल्या पट्टीवर बसतं, तेव्हा जुन्या टूथब्रशने तेवढीच पट्टी घासा, पिळू नका. वाळवायला स्टीलचा डबा उपडा ठेवून त्यावर बसवा, डोक्याच्या मापाचा डबा प्रत्येक घरात असतो, आणि पंख्याखाली ठेवा, कडक उन्हात रंग जातो. लोकरीची असेल तर गरम पाणी लावायचंच नाही, ती आटते, ब्रशने झटका आणि डाग तेवढा ओल्या फडक्याने टिपा. जून ते सप्टेंबर टोपी बंद कपाटात ठेवू नका, बाहेर खुंटीवरही नको, खुंटीने वरचं कापड टोकदार होतं. उघड्या फळीवर आत कागदाचा बोळा घालून ठेवा. आणि घालून आलात की ओलसर टोपी कधीच आत टाकू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.

प्रश्न – गडकरीला नाटकाला जाताना फ्लॅट कॅप घालून जातो. आत काढायची का? हिचं म्हणणं काढ, मी म्हणतो चपटीच तर आहे.

काढा. चपटी असली तरी मागच्या माणसाच्या आणि रंगमंचाच्या मधे येते, आणि नाटकाचं तिकीट त्यानेही काढलेलं असतं. जिथून ही टोपी आली तिथेही छताखाली आलं की ती काढायचीच रीत आहे. मांडीवर ठेवा, दुमडून पँटच्या खिशात मात्र कोंबू नका, चोचीला कायमची घडी पडते.