चार संघ, चोवीस क्रम : एनएफसी ईस्टचा अंदाज कसा बांधायचा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेबद्दल आलेली बहुतेक पत्रं एकाच डिव्हिजनची आहेत, एनएफसी ईस्टची. फिलाडेल्फिया ईगल्स, डॅलस काउबॉईज, वॉशिंग्टन कमांडर्स आणि न्यू यॉर्क जायंट्स हे तिचे चार संघ. नाव न्यू यॉर्कचं असलं तरी जायंट्सचं मैदान न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला आहे. एडिसन, प्लॅनो आणि उत्तर व्हर्जिनियातल्या कितीतरी मराठी घरांचा संघ याच चारांपैकी एक असतो.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात : 32 संघ, एनएफसी आणि एएफसी या दोन कॉन्फरन्स, प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार संघ. प्रत्येक संघ 18 आठवड्यांत 17 सामने खेळतो. डिव्हिजनमधला पहिला संघ थेट प्लेऑफमध्ये जातो. बाकीच्यांना कॉन्फरन्सच्या तीन वाइल्ड कार्ड जागांसाठी झगडावं लागतं.

प्रश्न : गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून सुरुवात केली तर चालेल का? — एक वाचक, एडिसन

तक्त्यातल्या क्रमांकावरून नको, गुणफरकावरून करा. 2005 ते 2024 या वीस हंगामांत या डिव्हिजनमध्ये आदल्या वर्षीचा विजेता एकदाही पुन्हा पहिला आला नाही. 2001 ते 2004 अशी सलग चार वर्षं जिंकलेल्या ईगल्सनीच अखेर 2024 आणि 2025 जिंकून ही साखळी तोडली. वॉशिंग्टनचे तीन हंगाम पाहा : 2023 मध्ये 4 विजय-13 पराभव, 2024 मध्ये 12-5, 2025 मध्ये 5-12.

विजयांच्या आकड्यात नशिबाचा वाटा बराच असतो. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ असले तरी 17 सामन्यांच्या हंगामात निव्वळ योगायोगाने दोन विजय इकडचे तिकडे होतात. केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक त्या मानाने स्थिर असतो. 2022 मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज 13-4 होते, पण त्यांनी केले 424 गुण आणि दिले 427. एका 'स्कोअर'च्या फरकाने, म्हणजे आठ किंवा कमी गुणांनी, सुटलेले त्यांचे सगळे 11 सामने त्यांनी जिंकले होते. पुढच्या वर्षी ते 7-10 वर आले. आपल्या डिव्हिजनमध्येही त्याच वर्षी जायंट्स 9-7-1 होते (शेवटचा आकडा बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचा), गुणफरक उणे 6. पुढच्या हंगामात 6-11. त्यामुळे अटीतटीचे सामने भरपूर जिंकून वर आलेला संघ दिसला की त्याला एक पायरी खाली धरूनच कागद पुढे सरकवा.

प्रश्न : घरच्या एक्सेलवर हे मांडता येईल का? नेमकी कृती द्या. — एक वाचक, ठाणे

येईल, आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. 2024 चे आकडे घेऊन करून पाहू, कारण 2025 मध्ये प्रत्यक्ष काय झालं हे आता हाताशी आहे.

आधी प्रत्येक संघाचा गुणफरक 17 ने भागा. ईगल्स 463 विरुद्ध 303, म्हणजे सामन्याला अधिक 9.4. वॉशिंग्टन 485-391, अधिक 5.5. काउबॉईज 350-468, उणे 6.9. जायंट्स 273-415, उणे 8.4.

आता हे आकडे निम्मे करा. ही पायरी नवशिके हमखास गाळतात आणि तिथेच अंदाज बिघडतो. खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, दुखापती होतात, त्यामुळे टोकाचे संघ पुढच्या वर्षी मध्याकडे सरकतात. निम्मे केल्यावर ईगल्स 4.7, वॉशिंग्टन 2.8, काउबॉईज उणे 3.5, जायंट्स उणे 4.2. सरासरी संघाशी तटस्थ मैदानावर गाठ पडली तर किती गुणांनी पुढे किंवा मागे, असा या आकड्यांचा अर्थ.

पुढे एकेक सामना. यजमान आणि पाहुणे यांच्या आकड्यांतला फरक काढा आणि यजमानाला दीड गुण द्या. पूर्वी तीन देत असत, पण घरच्या मैदानाचा फायदा आता घटला आहे. आलेला फरक 13.5 ने भागून एक्सेलच्या नॉर्म.एस.डिस्ट या सूत्रात टाका. 13.5 हा सामन्याच्या निकालातला नेहमीचा चढउतार. ईगल्सच्या घरी काउबॉईज आले तर 4.7 अधिक 3.5 अधिक 1.5, म्हणजे 9.7 गुण. ईगल्स जिंकण्याची शक्यता 76 टक्के. तोच सामना डॅलसला असेल तर फरक 6.7 आणि शक्यता 69 टक्के. वॉशिंग्टनच्या घरी ईगल्स गेले तर जवळपास नाणेफेक, ईगल्सची शक्यता 51 टक्के.

सतराही सामन्यांच्या शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित विजय. वेळापत्रक बाजूला ठेवून सगळे प्रतिस्पर्धी सरासरी धरले, तर ईगल्सचे 10.8, वॉशिंग्टनचे 9.9, काउबॉईजचे 6.8 आणि जायंट्सचे 6.4 विजय निघतात. 2025 मध्ये प्रत्यक्षात ईगल्स 11-6, काउबॉईज 7-9-1, वॉशिंग्टन 5-12, जायंट्स 4-13. दोन संघ जवळपास नेमके लागले, जायंट्स अडीच विजयांनी चुकले आणि वॉशिंग्टन साफ चुकलं. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

नुसत्या बेरजेवर थांबू नका. प्रत्येक सामन्यासाठी रँड सूत्राने 0 ते 1 मधला एक आकडा काढा. तो शक्यतेपेक्षा लहान असेल तर यजमान जिंकला असं धरा. असा पूर्ण हंगाम दहा हजार वेळा खेळवा आणि कोण किती वेळा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आला ते मोजा. यात दोन चुका फार होतात. ईगल्सच्या यादीत ईगल्स-जायंट्स सामन्याचा एक निकाल आणि जायंट्सच्या यादीत त्याच सामन्याचा दुसरा, असं होऊ देऊ नका. सामना एकच, निकालही एकच. तपासणी सोपी आहे : डिव्हिजनअंतर्गत सामने 12 आहेत, त्यामुळे चारही संघांच्या तिथल्या विजयांची बेरीज दर खेपेला 12 यायलाच हवी. दुसरी चूक म्हणजे हंगामाआधीचे आकडे अचूक मानणं. दर खेपेला प्रत्येक संघाच्या आकड्यात तीनेक गुणांचा यादृच्छिक चढउतार मिसळा. तो न मिसळल्यास पहिल्या संघाची शक्यता उगाच फुगलेली दिसते.

प्रश्न : क्वार्टरबॅक जखमी झाला तर किती गुण वजा करायचे? — एक वाचक, प्लॅनो

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू. साधारण क्वार्टरबॅकच्या जागी राखीव खेळाडू आला तर तीन, पहिल्या फळीतला गेला तर सहा-सात. इतर कुठल्याही जागेवरच्या एका खेळाडूसाठी दीड गुणाच्या वर जाऊ नका. 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सला दुखापतींमुळे निम्म्याहून जास्त सामने मुकावे लागले. हंगामाआधीच्या कुठल्याही तक्त्याला हे दिसू शकत नव्हतं. तक्त्याने एवढंच करावं की असं होण्याची थोडी शक्यता आधीपासून धरावी. वर सांगितलेला तीन गुणांचा चढउतार त्यासाठीच आहे.

राखीव क्वार्टरबॅकचा विजय-पराभवाचा हिशोबही जपून वाचा. 2022 मध्ये डॅक प्रेस्कॉट जखमी असताना काउबॉईजचा कूपर रश 4-1 होता. त्या चारही विजयांत बचावफळीने प्रतिस्पर्ध्याला 17 च्या वर जाऊ दिलं नव्हतं. 2024 मध्ये प्रेस्कॉट पुन्हा जायबंदी झाला, पुन्हा रश आला, पण त्या हंगामात काउबॉईजनी सामन्याला सरासरी 27.5 गुण दिले. संघ 7-10 वर संपला.

प्रश्न : तळाच्या संघाला सोपं वेळापत्रक मिळतं म्हणतात. खरं का? — एक वाचक, फेअरफॅक्स

फक्त तीन सामन्यांपुरतं. सहा सामने डिव्हिजनमध्येच, चार आपल्या कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी, चार दुसऱ्या कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी. हे 14 चौघांनाही सारखेच. उरलेले तीन गेल्या वर्षी त्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी. पण हे तीनच कधीकधी चित्र पालटतात. 2023 मध्ये तळाला राहिलेल्या वॉशिंग्टनला 2024 मध्ये अ‍ॅरिझोना, शिकागो आणि टेनेसी मिळाले, आणि त्यांनी तिघांनाही हरवलं. पहिल्या आलेल्या काउबॉईजच्या वाट्याला सॅन फ्रान्सिस्को, डेट्रॉईट आणि ह्यूस्टन आले, आणि ते तिन्ही सामने हरले. जायंट्सच्या हंगामातल्या तीन विजयांपैकी दोन याच प्रकारचे, सिअ‍ॅटल आणि इंडियानापोलिसविरुद्ध.

घरचे सामने आठ की नऊ, याची मात्र डिव्हिजनच्या अंदाजात काळजी नको. ते दरवर्षी कॉन्फरन्सनुसार बदलतं, म्हणून चौघांना सारखंच लागू होतं. अपवाद परदेशातल्या सामन्याचा. 2024 मध्ये ईगल्सचा 'घरचा' पहिला सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला झाला. अशा सामन्यात यजमानाचे दीड गुण काढून टाका.

प्रश्न : विजय सारखे झाले तर आयपीएलच्या नेट रनरेटसारखं काही असतं का? — एक वाचक, नाशिक

गुणफरक इथे फार उशिरा येतो, नवव्या-दहाव्या पायरीला. आधी आपसातले सामने, मग डिव्हिजनमधली कामगिरी, मग दोघांनी ज्यांच्याशी खेळलं त्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, मग कॉन्फरन्समधली, आणि मग हरवलेल्या संघांची एकत्रित विजय-टक्केवारी. बरोबरीत सुटलेला सामना अर्धा विजय. अगदी शेवटी नाणेफेक. 2024 मध्ये एनएफसी वेस्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्स आणि सिअ‍ॅटल दोघेही 10-7 होते. तिथे निकाल हरवलेल्या संघांच्या टक्केवारीवर लागला आणि रॅम्स पहिले आले.

तीन संघ अडकले तर तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता करावा लागतो. 2020 च्या हंगामातल्या अखेरच्या रात्री हेच घडणार होतं. काउबॉईजना 23-19 ने हरवून जायंट्स 6-10 झाले होते (तेव्हा हंगाम 16 सामन्यांचा होता), काउबॉईजही 6-10. वॉशिंग्टन ईगल्सकडून हरलं असतं तर तेही 6-10. तिघांच्या आपसातल्या तक्त्यात जायंट्स 3-1, वॉशिंग्टन 2-2, काउबॉईज 1-3. म्हणजे जायंट्स पहिले. पण ईगल्सनी चौथ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाहेर बसवून राखीव नेट सडफेल्डला उतरवलं, सामना 20-14 असा वॉशिंग्टनकडे गेला आणि 7-9 वर वॉशिंग्टनने डिव्हिजन जिंकली. तक्त्यात हा टायब्रेकर न घालता 'बरोबरी झाली तर दोघांना अर्धं अर्धं' असं ज्यांनी धरलं, त्यांच्या शक्यता इथे पार चुकीच्या निघतात. आपसातले दोन्ही सामने जिंकलेल्या संघाला बरोबरीत पूर्ण श्रेय द्या.

प्रश्न : शेवटच्या आठवड्याचे अंदाजच सर्वांत जास्त का चुकतात? — एक वाचक, एडिसन

2010 पासून शेवटच्या आठवड्यातले सगळे सामने डिव्हिजनअंतर्गतच ठेवले जातात. ज्याचं स्थान पक्कं झालं आहे तो संघ प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतो. 2024 च्या 18 व्या आठवड्यात ईगल्सचा सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन धावण्यात हंगामात 2,005 यार्डांवर होता, एरिक डिकरसनचा 1984 चा 2,105 यार्डांचा विक्रम शंभर यार्डांवर, तरी त्याला खेळवलं नाही. असं दिसलं तर त्या एका सामन्यापुरते सहा-सात गुण वजा करा. म्हणून त्या सामन्यासाठी जिंकणाऱ्याचं नाव आधी ठरवू नका, त्या आठवड्यातली खेळाडूंची यादी जाहीर होईपर्यंत थांबा. (ईगल्स राखीव खेळाडूंसह तो सामना जिंकलेही, 20-13. जायंट्स त्या वर्षी तेवढे कमजोर होते.)

प्रश्न : माझा अंदाज चांगला होता की नाही, हे कसं मोजू? — एक वाचक, पुणे

चारही क्रमांक बरोबर आले का, हे पाहणं फसवं आहे. चार संघांचे 24 क्रम होतात, त्यातला एक नुसत्या नशिबानेही लागतो. त्याऐवजी पहिल्या क्रमांकासाठी दिलेल्या शक्यता घ्या. जिंकलेल्या संघासाठी 1 मधून आणि बाकीच्यांसाठी 0 मधून त्या वजा करा, प्रत्येक फरकाचा वर्ग करा आणि बेरीज करा. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. काहीच न कळणाऱ्याने चौघांना 25-25 टक्के दिले तर बेरीज 0.75 येते. तुम्ही 50, 30, 15, 5 दिले आणि 50 वाला जिंकला तर 0.365. एकाला 90 टक्के दिले आणि 6 टक्केवाला जिंकला तर 1.69, म्हणजे काहीच न कळणाऱ्याच्या दुपटीपेक्षा वाईट. असे निदान पाच हंगाम मोजा. पुढचे हंगाम येईपर्यंत थांबायची गरज नाही, 2020 पासूनचे हंगाम मागे जाऊन आजच मोजता येतील. मात्र प्रत्येक हंगामासाठी फक्त आदल्या वर्षीचेच आकडे वापरा.