पार्सलच्या गाळ्याआधी बारा आठवडे

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या हातचे कोंबडी-वडे नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गावर १२० चौरस फुटांचा गाळा मिळतो आहे; भाडे ३५ हजार, डिपॉझिट ३ लाख. बसायची सोय न ठेवता तेथून कांजूरमार्ग-विक्रोळीच्या ऑफिसांना फक्त पार्सल द्यायचे, असा त्याचा बेत आहे. त्याने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असे यजमानांच्या मनात होते, पण आता तेच निवृत्तीच्या पैशांतून डिपॉझिट द्यायला निघाले आहेत. मालकाला पंधरा दिवसांत कळवायचे आहे. होऊ द्यावे, की आधी हॉटेल मॅनेजमेंट करायला लावावे?
– एक आई, भांडुप

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात गाळ्याचे क्षेत्रफळ, भाडे आणि डिपॉझिट हे तिन्ही आकडे आहेत. कोंबडी-वड्यांच्या एका ताटाला खर्च किती येतो, हा आकडा मात्र नाही. चिरंजीवांनी तो अजून काढलेला नसावा, असा माझा अंदाज आहे, आणि तो निघेपर्यंत गाळ्याविषयी हो किंवा नाही म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

आपण नमुन्यादाखल काढून पाहू. भाव मी गृहीत धरले आहेत, आपण बाजारातले घालावेत. ताट १८० रुपयांना विकायचे ठरवले, तर चिकनचे ३६, वड्याचे पीठ आणि तळणीचे तेल १८, ओल्या-सुक्या खोबऱ्याचे वाटण १४, सोलकढी १२, कांदा-लिंबू ४, गॅस ६ आणि डबे-पिशवी १४ असे १०४ रुपये जातात आणि ७६ उरतात. गाळ्याचे भाडे, एका मदतनीसाचे १६ हजार आणि विजेचे ४ हजार मिळून महिन्याला ५५ हजार होतात; २६ दिवस धरले तर रोजचे सुमारे २,११५. म्हणजे रोज २८ ताटे थेट गिऱ्हाइकाला विकली की खर्च भागतो. हेच ताट डिलिव्हरीच्या ॲपवरून गेले आणि कमिशन २५ टक्के धरले, तर ४५ रुपये कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा जाऊन हाती २३ रुपयेही राहत नाहीत, आणि २८ ताटांच्या जागी ९३ ताटे विकावी लागतात. यात सवलतीच्या कूपनांचा भार नाही, परत आलेली ऑर्डर नाही आणि मुख्य म्हणजे चिरंजीवांचा स्वतःचा पगार एक रुपयाही धरलेला नाही. एक माणूस आणि एक मदतनीस १२० चौरस फुटांत, दुपारी साडेबारा ते दोन या वेळात, ९३ जणांचे वडे गरम तळून देऊ शकतील का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सहाव्या सत्राची परीक्षा होऊ द्यावी, पदवी हातात घ्यावी आणि त्यानंतर बारा आठवडे घरच्या स्वयंपाकघरातून रोज पंचवीस डबे, ठरलेल्या गिऱ्हाइकांना, ठरलेल्या वेळी द्यावेत. भांडुपहून कांजूरमार्ग एकच स्टेशन आहे. डबे त्यांनी स्वतः पोचवावेत, म्हणजे डबा परत देताना माणूस काय बोलतो तेही कानावर येईल. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचे सारे गणित नेमक्या गिऱ्हाइकांवर चालत असे: जेवणारे कामगार ओळखीचे, पैसे महिन्याच्या महिन्याला, आणि उद्या किती जण जेवणार हे आज ठाऊक. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने याच बायकांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. ॲपच्या दिवसांतही पंचवीस कायमची गिऱ्हाइके ही शंभर अनोळखी ऑर्डरींपेक्षा भक्कम गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बारा आठवड्यांत पदार्थाचीही परीक्षा होईल. कढईतून काढलेला वडा टम्म असतो, पण तसेच गरम वडे एकावर एक रचून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब खाली पडतात आणि चाळीस मिनिटांनी गिऱ्हाइकाच्या हाती ओल्या फडक्यासारखा वडा येतो. नातेवाइकांनी वाखाणलेला वडा कढईजवळच्या पाटावर बसून खाल्लेला आहे, पार्सलचा नव्हे. वडे जाळीवर निववून भोके पाडलेल्या कागदी पिशवीत वेगळे द्यावेत, रस्सा वेगळ्या डब्यात द्यावा, सोलकढी त्याच्या शेजारी तापणार नाही असे पाहावे, आणि घरच्या सर्वांनी मुद्दाम चाळीस मिनिटे थांबून मग चव घ्यावी. परीक्षेनंतर सुरुवात केली तर पावसाळा आणि पाठोपाठ श्रावण आपोआप गाठ पडेल. मराठी गिऱ्हाईक श्रावणात कोंबडीकडे पाठ फिरवते, एरवीही गुरुवार किंवा संकष्टी पाळणारे असतातच. तेव्हा काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे हे ताट पहिल्या दिवसापासून जोडीला हवे.

स्वच्छतेबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो, ती भाताची. डब्यात भात घालणार असाल, तर सकाळी सातला शिजवून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवण्यासाठी एक साधा थर्मामीटर विकत घ्यावा.

घरून विकायचे म्हटले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि वरच्या हिशेबातला गॅस त्याच भावाने मोजावा. सोसायटीची संमती लेखी घ्यावी. पुढे गाळा घ्यायची वेळ आलीच, तर खुर्ची-टेबल नसले तरी तेथे अन्न शिजणार असल्याने महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना लागेल, शिवाय गुमास्त्याची, म्हणजे दुकान म्हणून करायची, नोंद. म्हणून डिपॉझिट देण्यापूर्वी त्या जागेत पूर्वी खाद्यपदार्थांचा परवाना होता का, धूर बाहेर काढायला वाट आहे का, हे मालकाला विचारावे आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच घ्यावा. ॲपवर विकलेल्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपची कंपनीच सरकारकडे भरते, पण कमिशनवर लागलेला जीएसटी परत मिळत नाही, बी.कॉम. झालेल्या मुलाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हॉटेल मॅनेजमेंटची तीन-चार वर्षे केवळ या व्यवसायासाठी घालवावीत, असे मला वाटत नाही. दादरची १९५४ सालापासूनची संस्था उत्तम आहे, परंतु तिथला पदवीचा अभ्यासक्रम मोठ्या हॉटेलांत करिअर करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडतो. हात बसवायचा असेल तर आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याहूनही मी म्हणेन की परीक्षेपर्यंत दर शनिवार-रविवार एखाद्या चालत्या पार्सल काउंटरवर, दुपारच्या गर्दीत, मिळेल त्या पैशांत काम करावे. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास डब्यांबरोबर संध्याकाळी चालू ठेवता येतो. यजमानांना त्यात समाधान असेल तर तो सोडू नये.

निवृत्तीच्या पैशांना हात लावू नका. शेगडी, भांडी, डबे एवढे सरकारच्या मुद्रा योजनेतल्या ५० हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जात बसते, आणि ते कर्ज चिरंजीवांच्या नावावर असावे.

मालकाला पंधरा दिवसांची वाट न पाहता उद्याच नकार कळवा. त्या रस्त्यावर गाळे रिकामे होतच असतात, आणि बऱ्याचदा आधीच्या पार्सलवाल्यानेच ते रिकामे केलेले असतात. चिरंजीवांना मात्र आज एक दोनशेपानी वही आणून द्या: रोज किती डबे गेले, किती उरले, कोंबडी काय भावाने आली, कोणी पुन्हा मागवले. बारा आठवड्यांनी ती वही आणि यजमान या दोघांना घेऊन मला भेटा.