आतड्यातल्या यीस्टमुळे अ‍ॅसिडिटी होते का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन वर्षं छातीत जळजळ, आंबट पाणी वर येतं, जेवल्यावर पोट टम्म फुगतं, जिभेवर पांढरा थर असतो. पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची पित्तावरची कॅप्सूल जवळपास रोज चालू आहे. राहता मालवणात, दुकान बंद करून जेवायला रात्रीचे दहा वाजतात. आता एका ओळखीच्यांनी सांगितलंय की सगळ्याचं मूळ आतड्यात वाढलेलं कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक बुरशी, आहे आणि पावसाळ्यात जांघेत उठणारं गजकर्ण हा त्याचाच पुरावा. उपाय म्हणून महिनाभर भात, आंबोळी, केळी, आंबा बंद, रोज तीन चमचे खोबरेल तेल आणि जोडीला फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या. हे खरं आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वेंगुर्ल्यात मेडिकल चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण 'माका पित्ताची गोळी व्हयी' म्हणत येणारी माणसं रोज समोर असतात. कोण कुठली गोळी कशी आणि किती काळ खातं हे मी बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, फ्लुकोनॅझोल स्वतःच्या मनाने घेऊ नका. तुमच्या कॅप्सूलमधलं डोमपेरिडोन शरीरातून बाहेर टाकण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं आणि फ्लुकोनॅझोल नेमकं त्यालाच अडवतं. डोमपेरिडोन रक्तात साठत जातं. शिवाय ही दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, त्यामुळे ती एकत्र देऊ नयेत असा नियम आहे. घरात कुणी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत असेल तर त्यांनाही ही उरलेली गोळी देऊ नका, साखर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनबरोबरही तिचं वाकडं आहे. अंगावरच्या खाजेसाठी ही गोळी गावोगाव सहज मागितली जाते, म्हणून लोकांना ती साधी वाटते. ती साधी नाही.

आता मूळ प्रश्न. कँडिडा हे काही बाहेरून शिरलेलं संकट नाही. धडधाकट माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात आणि आतड्यात ते असतंच, इतर जिवाणूंच्या गर्दीत दबून. म्हणूनच 'शौचाच्या तपासणीत कँडिडा सापडलं' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून तार खाली लोंबते का बघायची, ती घरगुती चाचणी तर सोडूनच द्या. लाळेत चिकट द्रव असतो, तो पाण्यात तसाच लोंबतो.

थकवा, डोकेदुखी, अपचन, उदासी, सगळ्याला कँडिडा जबाबदार, ही कल्पना अमेरिकेत १९८०च्या दशकात फार पसरली. मग ती तपासूनही पाहिली गेली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हा त्रास आहे असं समजल्या गेलेल्या ४२ स्त्रियांना काही काळ निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आणि काही काळ तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या. अंगभरच्या बाकी तक्रारींना मात्र दोन्हींचा फायदा सारखाच झाला. तुम्हाला दिलेला आहाराचा तक्ता त्याच जुन्या कल्पनेतून आलेला आहे.

पण म्हणून 'आतड्यात यीस्ट वाढतच नाही' असं म्हणणंही चूक ठरेल, आणि तुमच्या बाबतीत मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. लहान आतड्यात बुरशी प्रमाणाबाहेर वाढू शकते. ती मोजण्याची पद्धत म्हणजे एंडोस्कोपी करताना, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघताना, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला द्रव खेचून घ्यायचा आणि त्याचं कल्चर करायचं, म्हणजे त्यात काय वाढतं ते प्रयोगशाळेत बघायचं. एका मिलिलिटरमागे बुरशीच्या साधारण हजाराहून जास्त वसाहती सापडल्या तर ती वाढ समजतात. पोटविकारतज्ज्ञ डॉ. सतीश राव यांच्या गटाने २०१३ साली अमेरिकेतल्या अशा १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या गॅस, मळमळ, पोट फुगणं यांचं कारण नेहमीच्या तपासण्यांत सापडत नव्हतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत जिवाणू, बुरशी किंवा दोन्ही वाढलेली निघाली. या वाढीशी दोन गोष्टी स्वतंत्रपणे जोडलेल्या दिसल्या. एक, आतड्यांची हालचाल मंद असणं. आणि दुसरी, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीची आम्ल कमी करणारी औषधं चालू असणं.

जठरातलं आम्ल अन्न पचवतं, तसंच अन्नाबरोबर आत येणारे जिवाणू आणि बुरशीही मारतं. ते महिनोन्महिने दाबून ठेवलं की पुढच्या आतड्यात नको ते वाढायला वाव मिळतो. मग गॅस होतो, ढेकर येतात, पोट फुगतं. माणसाला वाटतं पित्तच वाढलंय, आणि तो सकाळच्या गोळीला रात्रीची जोडतो. म्हणजे तुमच्या बाबतीत यीस्ट असलंच, तर त्याने अ‍ॅसिडिटी आणली यापेक्षा अ‍ॅसिडिटीच्या दोन वर्षांच्या गोळ्यांनी यीस्टला जागा करून दिली, ही शक्यता मला जास्त वाटते.

उलट्या दिशेनेही थोडा धागा आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, पण पोट हवेने ताणलं की ढेकर जाऊ देण्यासाठी क्षणभर सैल होतं, आणि त्याच क्षणी आम्ल वर उसळतं, त्यालाच रिफ्लक्स म्हणतात. आतड्यात कुठेही आंबणं वाढलं की हे सैल होणं वाढू शकतं. रिफ्लक्सच्या रुग्णांना मोठ्या आतड्यात आंबणारी एक प्रकारची साखर देऊन हे पाहिलेलं आहे. यीस्टही साखर आंबवून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल बनवतं. क्वचित एखाद्याच्या आतड्यात ते इतकं बनतं की माडीचा थेंबही न घेता माणूस झिंगतो, असे रुग्ण नोंदलेले आहेत. त्यामुळे 'यीस्ट, मग गॅस, मग रिफ्लक्स' ही साखळी कागदावर जुळते. पण यीस्टवर औषध दिलं आणि त्यामुळे रिफ्लक्स बरा झाला, असं भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही. बहुतेकांच्या रिफ्लक्सची कारणं जास्त ओळखीची असतात: सुटलेलं पोट, उशिराचं जेवण, तंबाखू, दारू, गरोदरपण, किंवा जठराचा थोडा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून वर सरकलेला असणं.

कँडिडा आणि 'अ‍ॅसिडिटी' यांची खरी गल्लत होते ती अन्ननलिकेत. तिथे बुरशी बसली की छातीच्या हाडामागे दुखतं आणि तेही पित्तच समजलं जातं. फरक असा की हे दुखणं गिळताना होतं. भाताचा घास किंवा गरम चहा खाली उतरताना नेमका एका जागी टोचतो. दम्याचा स्टिरॉइडचा पंप मारून चूळ न भरणारे, साखर ताब्यात नसलेले, वारंवार अँटिबायोटिक घेणारे, प्रतिकारशक्ती कमी झालेले, अशांत हे जास्त दिसतं. एंडोस्कोपीत पांढरे चट्टे दिसतात आणि त्यावर फ्लुकोनॅझोलच देतात, पण दोन-तीन आठवडे आणि डॉक्टरच्या नजरेखाली. तुम्हाला गिळताना दुखत असेल तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच दाखवून घ्या.

तुमच्या जिभेचं बघा. स्वच्छ कापडाने थर पुसून काढा. खाली लालभडक, हुळहुळी जागा दिसली किंवा थोडं रक्त आलं, तर तोंडात कँडिडा असू शकतं. नुसता पातळ पांढरट थर, तोही सकाळीच जास्त, तो बऱ्याच जणांना असतो आणि त्याचा आतड्यातल्या यीस्टशी संबंध लावायचं कारण नाही.

गजकर्णाचं तर वेगळंच आहे. ती बुरशी कातडी, केस आणि नखं यांतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, आतड्यात राहत नाही. कोकणातल्या पावसात कपडे धड वाळत नाहीत, दमट कपडे अंगावर चढतात आणि जांघेत ती फोफावते. त्यावर स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. दोन दिवस खाज थांबते आणि नंतर चट्टा दुप्पट पसरतो. हे बघून बघून मला आता चीड येते. पण साखर मात्र तपासा, उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), दोन्ही. तोंडात, त्वचेच्या घड्यांत, गुप्तांगात पुन्हा पुन्हा बुरशी येत असेल तर कधीकधी मधुमेहाची पहिली खूण तीच असते. मधुमेहावर डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर गुप्तांगातल्या यीस्टचं कारण ती गोळीही असू शकते.

आता आहार. भात, उकड्या तांदळाची पेज, घावणे यांनी रिफ्लक्स होत नाही. पेज तर बहुतेकांना छान सोसते. आंबोळीच्या पिठातलं आंबणं म्हणजे कँडिडा नव्हे, तव्यावर ते सगळं मरतं. हापूसच्या दिवसांत आंबा सोडायला सांगणाऱ्याकडे त्यासाठी तरी चांगला पुरावा हवा. साखर आणि मैदा कमी केल्याने काहींना हलकं वाटतं ते खरं आहे, पण ते यीस्ट मेल्यामुळे असं मानायचं कारण नाही. एकूण खाणंच कमी झालेलं असतं.

तीन चमचे खोबरेल तेल तर अजिबात नको. त्यातलं कॅप्रिलिक आम्ल प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मारतं, हे त्या सल्ल्यामागचं कारण. माणसाच्या आतड्यात तसं होतं हे सिद्ध नाही. उलट चरबीने जठर सावकाश रिकामं होतं आणि अन्ननलिकेच्या टोकाचं ते कडं सैल पडतं. सोलकढी चांगली, पण रात्री तिखट सारावर नारळाच्या घट्ट रसाची सोलकढी पिऊन लगेच आडवं झालात तर जळजळ होणारच. कोकम थंड असलं तरी आंबट आहे. दुपारी घ्या. वडे-सागोतीही दुपारी.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्यांदा जेवणाची वेळ बदलली असती. झोपण्याआधी किमान तीन तास पोटात घन काही नको. दुकानातच सात-साडेसातला डबा खा, घरी आल्यावर फार तर पातळ पेज. दशावताराला रात्रभर बसायचं असेल तर चहा आणि भजी टाळा, नाटक सोडू नका. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून तो १५-२० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो.

मग गोळी. पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं असतं. जेवून झाल्यावर, जळजळ सुरू झाली म्हणून घेतलं तर त्याचा बराच उपयोग वाया जातो, आणि माझ्याकडे येणारे बरेच जण नेमकं तसंच घेतात. दोन वर्षं डोमपेरिडोनची गरज आहे का, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळी एकदम बंद मात्र करू नका. दाबलेलं आम्ल काही काळ जास्त उसळतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली मुळात कसलाच त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे एसोमेप्राझोल देऊन थांबवलं, तर पुढच्या चार आठवड्यांत ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला. बिनऔषधाच्या गोळीवर असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. 'सोडली की त्रास होतो, म्हणजे मला लागतेच' असं कितीतरी जण मला सांगतात, त्याचं एक कारण हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू उतरवायचा आणि मधल्या दिवसांत साधं अँटासिड वापरायचं, म्हणजे हा काळ निभावतो. एक अपवाद: रक्ताची गाठ होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी अल्सर फुटला असेल, तर पॅन्टोप्राझोल पोटाचं संरक्षण करत असतं, ते विचारल्याशिवाय कमीही करू नका.

गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काही असेल तर एंडोस्कोपी लांबवू नका. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर ते पित्त समजून सोडा पीत घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तसं काही नसलं तरी दोन वर्षांनंतर एकदा पोटविकारतज्ज्ञांना दाखवणं योग्यच आहे. आपल्याकडून लोक गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात. जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, मलमं, पंप आणि आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी करायची असेल तर त्याआधी साधारण दोन आठवडे पॅन्टोप्राझोल थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो, म्हणून भेटीची वेळ घेतानाच ते फोनवर विचारून ठेवा. पोट फुगणं हीच मुख्य तक्रार असेल तर तसं आधी सांगा, आणि लहान आतड्यातला द्रव कल्चरला पाठवायची सोय त्यांच्याकडे आहे का ते विचारा. श्वासाच्या चाचणीवर यासाठी पैसे घालवू नका. ती जिवाणूंनी बनवलेला हायड्रोजन मोजते, यीस्ट तिच्यात दिसत नाही.