मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावर पीएचडी करतेयस तर
अगं, तू म्हणतेस तो ‘शिक्षणातलं नेतृत्व आणि कामाची आव्हानं’ हा विषय नाही, अख्खं कपाट आहे. एकच तालुका घे, झेडपी शाळांचे मुख्याध्यापक घे, आणि बघ की इलेक्शन ड्युटी, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं यातून त्यांना वर्गात जाऊन शिक्षकांचं शिकवणं बघायला वेळ तरी मिळतो का. आधी शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, सर्च मार, जिल्हा बदलून तेच टायटल नको. प्रश्नावली मराठीत कर आणि आधी थोड्या जणांवर पायलट चाचणी घेच, नाहीतर सगळे ‘सहमत’वर टिक मारून मोकळे. शिक्षकांच्या मुलाखती शाळेत नको घेऊस, तिथे सरांबद्दल खरं कोण बोलणार! नोकरी आहे ना? मग ऑफिसकडून एनओसी (ना हरकत पत्र) आत्ताच माग, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्ट टाइम पीएचडीला ती लागतेच, आणि मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं, बायकांना अजून २ वर्षांची सूट.