आधी तारा, मग ग्रह

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि पेपरचा मसुदा दोन्ही वाचले. तुझ्या ‘के’ प्रकारच्या, म्हणजे सूर्याहून थोड्या थंड ताऱ्याच्या वेगात, आपल्याकडे येण्या-जाण्यात, १२.१ दिवसांचे आवर्तन सापडले आहे, ते ग्रहाच्या ओढीने आलेले असे तू धरले आहेस, ते निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे, गाइड म्हणतात पाठवून दे आणि तुझे मन मात्र धजावत नाही. मनाचे बरोबर आहे. पण तू दिलेले कारण बरोबर नाही. निरीक्षणे थोडी आहेत म्हणून तू अडली आहेस, मी अडलो ते वेगळ्याच जागी. चौदा पानांच्या मसुद्यात ग्रहाचे किमान वस्तुमान आहे, कक्षेची विकेंद्रता आहे, पृष्ठाचे अंदाजे तापमानसुद्धा आहे. ज्याच्या प्रकाशातून हे सारे काढले त्या ताऱ्याच्या वाट्याला तीन ओळी आल्या आहेत आणि तो स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो हे कुठेही नाही. आधी तारा, मग ग्रह.

योगायोगाची ती शक्यता आवर्तन खरे आहे एवढेच सांगते. ते कोणाचे, हे सांगत नाही. परिभ्रमण आणि परिवलन या दोन शब्दांचा आपण शाळेत जो घोटाळा करायचो, तोच आज तुझी आकडेवारी करते आहे. फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेवर डाग असला की त्या बाजूचा, निळ्याकडे सरकलेला प्रकाश कमी पडतो, वर्णरेषेचा, म्हणजे वर्णपटातल्या काळ्या रेषेचा, तोल जातो आणि तारा जागचा न हलताही दूर चालल्यासारखा भासतो. डाग पलीकडच्या कडेला पोचला की नेमके उलटे. डागांचे दोन पुंजके समोरासमोरच्या रेखांशांवर असतील तर हा खेळ एका फेरीत दोनदा होतो. तुझा तारा २४ दिवसांत फिरत असेल, तर तुझे बारा दिवस कुठून आले हे मी वेगळे सांगायला नको. ग्लिझ ५८१ या ताऱ्याभोवतीच्या ‘डी’ ग्रहाचे असेच झाले: कक्षा सुमारे ६६ दिवसांची, ताऱ्याची फेरी सुमारे १३० दिवसांची, आणि २०१४ मध्ये तो ग्रह म्हणजे ताऱ्याचीच करामत असल्याचे दाखवले गेले.

‘टेसच्या आलेखात तारा शांत दिसतो’ हे वाक्य तर आजच खोड. टेस ही अवकाश दुर्बीण ताऱ्यांची तेजस्विता मोजते खरी, पण तिचे आकाशाच्या एका क्षेत्राचे निरीक्षण सुमारे २७ दिवसांचे, त्यात मध्ये खंड, शिवाय आकडेवारीचे संस्करण करताना संथ चढउतार बरेचसे पुसले जातात. २४ दिवसांची फेरी त्यात दिसणार कशी? हा प्रश्न तुला पडायला हवा होता. मी रागावलो आहे असे समजू नकोस. म्हणजे, थोडा रागावलो आहे.

कारण हे मी केलेले आहे. परदेशात असताना एका ताऱ्याच्या वेगात मला नऊ दिवसांचे सुरेख आवर्तन मिळाले आणि मी ते परिषदेत मांडले. मागच्या रांगेतून एका वयस्क बाईंनी विचारले, ‘कॅल्शियम पाहिलेत?’ पाहिले नव्हते. वर्णपटाच्या निळ्या टोकाला, ३९३.४ नॅनोमीटरवर, कॅल्शियमची ‘के’ रेषा असते: रुंद, खोल दरीसारखी, आणि वर्णगोल, म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठावरचा वायूचा थर, सक्रिय असेल तर त्या दरीच्या तळाशी प्रकाशाचा एक बारीक उंचवटा उगवतो. माझ्याच निरीक्षणांत तो होता. गोंगाट फार म्हणून तेवढा भाग मी कापून टाकला होता. त्या रात्री खोलीवर बसून मोजले, तर उंचवटाही नऊ दिवसांनीच वरखाली होत होता. याच उंचवट्याच्या रुंदीवरून ताऱ्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे खरी तेजस्विता, काढता येते हे ऑलिन विल्सन आणि आपले वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये दाखवले. पुढे १९६६ पासून विल्सन यांनी माउंट विल्सनवर मुख्य क्रमातल्या, म्हणजे सूर्याप्रमाणे ऐन भरातल्या ताऱ्यांची हीच रेषा वर्षानुवर्षे मोजून सूर्यासारखी सक्रियतेची चक्रे इतरत्रही असतात हे दाखवून दिले. मला हे सगळे पाठ होते, परीक्षेपुरते.

१९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर करताना मायोर आणि केलोझ यांनी तारा मंद फिरणारा आणि शांत आहे, त्यामुळे ४.२ दिवस हे त्याचे परिवलन असू शकत नाही, हे आधी तपासले होते. तरीही १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी वर्णरेषांच्या आकारावरून शंका काढली, आणि नव्या निरीक्षणांत तो बदल दिसेना तेव्हा पुढच्याच वर्षी स्वतःच ती मागे घेतली. त्याच केलोझ यांनी २००१ मध्ये एच. डी. १६६४३५ या ताऱ्याचे ३.८ दिवसांचे, दोन वर्षे टिकलेले आवर्तन डागांचे असल्याचे दाखवले. अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला मित्र तारा, त्याच्या ‘बी’ घटकाभोवतीचा २०१२ चा ग्रह तर ताऱ्याच्या सक्रियतेचा परिणाम काळजीपूर्वक वजा करून काढलेला होता. सेकंदाला जेमतेम अर्ध्या मीटरचा झोका. पुढे ग्रह नसलेली कृत्रिम आकडेवारी निरीक्षणांच्या त्याच वेळांवर मांडली, तरी त्या ग्रहाच्या फेरीचे म्हणून सांगितलेले ३.२४ दिवस उमटलेच. ताऱ्याला विचारूनही चूक होते, मग न विचारता काय होईल?

परिषदेनंतर मी हट्टी झालो हे खरे. पुढच्या एका ताऱ्यावर चार हंगाम बसून राहिलो आणि तो ग्रह दुसऱ्यांनी आधी जाहीर केला. तो खरा निघाला. ‘तू भित्रा आहेस’ असे तेव्हा मला जवळच्या माणसाने ऐकवले. मी भित्रा नव्हतो. मला परिवलन मिळाले नव्हते. आजही तसेच करीन असे म्हणतो, आणि ते नाव यादीत वाचले की पान उलटतो.

तुझा ग्रह खोटा आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. निरीक्षणांचे हंगाम वेगळे कर आणि प्रत्येक हंगामात आवर्तनाची कला, म्हणजे झोक्याच्या चढउताराची वेळ, जुळते का पाहा. डाग विरतात, सरकतात, ग्रह वेळ चुकवत नाही. निळ्या आणि तांबड्या भागांतून वेग वेगवेगळे काढ. डागांचा झोका तांबड्याकडे लहान होत जातो, ग्रहाचा होत नाही. जमिनीवरच्या सर्वेक्षणांतून चार-पाच वर्षांची तेजस्विता मिळव. गाइडना माझे नाव सांगितलेस तरी चालेल, त्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे.

‘के’ रेषेचे आलेख आधी पाठव. वेगाचे मी नंतर पाहीन.

तुझा,
सर