औषध चालू ठेवलं तर विश्वास कमी पडतो का?

प्रश्न: माझ्या मुलाची ट्रीटमेंट आठ महिने चालू आहे. रिपोर्टची फाईल, औषधांच्या वेळा, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं मीच बघते आणि रात्री झोप नाही म्हणून मोबाईलवर त्या आजाराबद्दल वाचत बसते. प्रार्थना रोज करते. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तुझा देवापेक्षा औषधांवर आणि स्वतःवरच जास्त भरवसा आहे. तेव्हापासून ते मनाला लागलंय. खरंच माझा विश्वास कमी आहे का?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी हे की औषध बंद करू नका, एक डोससुद्धा चुकवू नका. बायबलमधला हिज्कीया राजा मरायला टेकला होता, देवाने त्याचं रडणं ऐकलं, अजून १५ वर्षं देतो म्हणाला, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. प्रेषित पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. त्या बाईंच्या मनात कदाचित आसा राजा असेल, पायाच्या दुखण्यात तो वैद्यांकडे गेला म्हणून त्याला दोष लागला असं बरेच जण सांगतात, पण नीट वाचलं तर दोष वैद्यांचा नाहीच, त्याने परमेश्वराला विचारलंच नाही, हा आहे. तुम्ही तर रोज विचारताय.

आता त्या मोबाईलबद्दल, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. माझी आई आजारी होती तेव्हा मी एक वही केली होती, तिच्यात सगळं लिहायचे, आणि प्रार्थनेला बसले की एक बोट वहीतल्या ओळीवर ठेवलेलं असायचं, म्हणजे आमेन झालं की पुढचं काम लगेच सापडावं. खूप दिवसांनी ते बोट माझ्याच लक्षात आलं. मी देवाजवळ जातच नव्हते हो, माझा प्लॅन त्याच्यापुढे ठेवून फक्त सही मागत होते, आणि मनातून पक्कं वाटायचं की मी एक गोष्ट विसरले तर आई जाईल. वही चांगलीच होती, पण आईचा जीव त्या वहीवर टांगलाय असं मी धरून चालले होते.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर एवढं ओझं आलं की जगायची आशाच सोडली होती, आणि ते अशासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. म्हणजे पौलालाही हे शिकावं लागलं, तेही पार खचल्यावर. मग आठ महिने जागलेल्या आईला विश्वास कमी आहे असं कोण म्हणेल? मी तरी नाही म्हणणार. मुलगा अमुक दिवसात बरा होईलच असंही मी लिहू शकत नाही, त्याच पौलाने तीनदा विनवलं तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, गेला नाही, कृपा मात्र पुरली.

तेव्हा फाईल दिवसा बघा, मन लावून बघा. रात्री ती कपाटात आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. दोन वाजता जाग आलीच तर वाक्यं जुळवत बसू नका, नुसतं मुलाचं नाव घ्या प्रभूसमोर, तेवढं पुरे, तो जागा असतो. आणि त्या बाईंना सांगा, एक रात्र मुलाजवळ येऊन बसा, मला झोपायचंय.