भिंतीला घासून मिळालेली चौथी जागा

वाचकांचे प्रश्न

व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवणारे स्पीडरनर आणि अमेरिकेतल्या नॅस्कार स्टॉक कार शर्यतींचे चालक यांच्या तुलनेवर या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि जिमी जॉन्सन हे तिघेही नॅस्कारचे सात-सात वेळा विजेते. आमच्या कट्ट्यावर रोज वाद होतो की स्पीडरनिंगमध्ये त्यांच्या तोडीचे कोण? जोड्या लावून द्याव्यात.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तीनपैकी एकच जोडी नीट लागते. कारण आधी सांगतो.

स्टॉक कारच्या शर्यतीत चाळीसच्या आसपास गाड्या एकत्र धावतात. पुढच्या गाडीच्या अगदी मागे राहिले की हवेचा अडथळा कमी होतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची गाडी हेच चालकाचे हत्यार असते. स्पीडरनर घड्याळासमोर एकटा असतो. त्याची तुलना करायची तर शर्यतीआधीच्या पात्रता फेरीशी करावी. तिथेही चालक एकटाच फेरी मारतो. त्या फेरीतला सर्वाधिक वेग बिल इलियटच्या नावावर आहे : 1987, टॅलाडेगाचा ट्रॅक, ताशी 212.809 मैल, म्हणजे जवळपास 342 किलोमीटर. हा आकडा अजून टिकून आहे, पण पुढचे चालक कमी पडले म्हणून नव्हे. त्याच वर्षी तिथे बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीवर आदळली. 1988 पासून टॅलाडेगा आणि डेटोना इथे इंजिनाला हवा कमी पोचवणारी प्लेट सक्तीची झाली आणि तो वेग नियमानेच बंद झाला.

स्पीडरनिंगमध्ये उलटे आहे. 1985 च्या कार्ट्रिजमधला खेळ आजही अक्षर न अक्षर तोच आहे. ट्रॅक तोच, गाडी तीच, नियमही तेच. बदलते ते फक्त माणसाचे ज्ञान आणि हाताची सफाई, म्हणून तिथे 1990 ची आणि आजची वेळ शेजारी ठेवता येते. पेटींच्या 200 विजयांचे तसे करता येत नाही. 1967 मध्ये त्यांनी एकाच मोसमात 27 शर्यती जिंकल्या, त्यांतल्या दहा सलग. पण तेव्हा वर्षाला पन्नासच्या आसपास शर्यती होत, आता गुणांच्या 36 होतात. त्यामुळे पेटींची जोडी लावू नका. अर्नहार्टचीही नको. गाड्यांच्या घोळक्यात हवेचा अंदाज घेऊन घुसणे ही त्याची विद्या, आणि स्पीडरनमध्ये घुसायला घोळकाच नसतो.

जॉन्सनची जोडी मात्र लागते. 2006 ते 2010 सलग पाच विजेतेपदे, तीही छोट्या, मोठ्या, सगळ्या प्रकारच्या ट्रॅकवर धावून. ‘सुपर मारिओ 64’ मध्ये सुईगी या धावपटूने 0, 1, 16, 70 आणि 120 तारे गोळा करून खेळ संपवायचा, अशा पाचही मुख्य प्रकारांचे विक्रम एकाच वेळी आपल्याकडे ठेवले. यांतला सगळ्यात छोटा प्रकार काही मिनिटांचा, तर 120 ताऱ्यांचा दीड तासाच्या वर. शंभर मीटर आणि मॅरेथॉन एकाच माणसाने जिंकावी, तसे हे आहे.

कट्ट्यावर आणखी एक जोडी मांडून बघा. आमच्या मते ती या तिघांहून पक्की आहे : गाडी तयार करणारा स्मोकी युनिक आणि खेळातल्या चुका शोधणारे लोक. नॅस्कारने पेट्रोलच्या टाकीचा आकार ठरवून दिला, पण टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीबद्दल काहीच लिहिले नव्हते. युनिकने नळीच जाड आणि लांब केली, आणि जास्तीचे पेट्रोल तिच्यात मावले. आता मारिओ 64 बघा. लांब उडीत पुढे जाण्याच्या वेगाला खेळाने मर्यादा घातली आहे, मागे जाण्याच्या वेगाला घातलेली नाही. म्हणून धावपटू जिन्याकडे पाठ करून उलट्या लांब उड्या मारतात, वेग साचत जातो आणि मारिओ ‘न संपणारा’ जिना क्षणात ओलांडतो. दोन्हीकडे नियम मोडलेला नाही. नियमात काय लिहायचे राहिले ते वाचले आहे.

प्रश्न : रॉस चॅस्टेनने शर्यतीतली शेवटची फेरी व्हिडिओ गेममध्ये शिकलेल्या युक्तीने मारली, हे खरे की नुसती चर्चा?
— एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : खरे आहे. 30 ऑक्टोबर 2022, मार्टिन्सव्हिल. हा ट्रॅक फक्त 0.526 मैलांचा, कागदांना लावायच्या क्लिपसारखा : दोन सरळ पट्टे आणि दोन आवळ वळणे. प्रत्येक वळणाला जोरात ब्रेक लावावाच लागतो. शेवटच्या फेरीत चॅस्टेन दहावा होता आणि विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जाण्यासाठी त्याला दोन जागा पुढे सरकणे भाग होते. त्याने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला लावली, स्टिअरिंग सोडले आणि ॲक्सिलरेटर तसाच दाबून ठेवला. वळण गाडीला भिंतीने घ्यायला लावले. तो पाचवा आला. पुढची एक गाडी नंतरच्या तपासणीत बाद झाली आणि त्याला चौथी जागा मिळाली. फेरीची वेळ 18.845 सेकंद. पात्रता फेरीतही तिथे एवढ्या कमी वेळात कोणी फेरी मारली नव्हती.

‘नॅस्कार 2005’ हा खेळ लहानपणी गेमक्यूब या गेमच्या यंत्रावर खेळताना ही युक्ती पाहिली होती, असे त्याने शर्यतीनंतर सांगितले.

हे जमले कसे? खेळात भिंतीला घासल्याने जाणारा वेग हा ब्रेक लावल्याने जाणाऱ्या वेगापेक्षा कमी असतो आणि गाडी मोडत नाही. खऱ्या ट्रॅकवर त्या दिवशी नेमक्या याच दोन अटी जुळल्या. बाकीच्या गाड्या वळणात खूप हळू होत्या, त्यामुळे घासत जाणारी गाडीही त्यांच्यापेक्षा वेगात निघाली. दुसरे म्हणजे 2022 पासून नॅस्कारच्या गाड्यांना पत्र्याऐवजी कंपोझिटची अंगे आली. जुना पत्रा चेपून टायरला लागला असता. आणि शेवटची फेरी होती, पुढे गाडी चालवायचीच नव्हती. हीच युक्ती दहाव्या फेरीला केली असती तर गाडी थेट गॅरेजमध्ये गेली असती.

2023 चा मोसम सुरू होण्याआधीच नॅस्कारने स्पष्ट केले की असे पुन्हा केल्यास सुरक्षेच्या नियमाखाली वेळेचा दंड होईल. स्पीडरनिंगमध्ये अशी युक्ती सापडली की सहसा बंदी येत नाही. फार तर वेगळा प्रकार निघतो : युक्तीसह आणि युक्तीविना. तिथे भिंतीपलीकडे प्रेक्षक बसलेले नसतात, त्यामुळे हा फरक आम्हाला पटतो.

प्रश्न : मारिओमध्ये सेकंदाच्या अंशासाठी लोक वर्षानुवर्षे झटतात. मग एखाद्या लेव्हलमध्ये थोडा वेळ वाया गेला तरी ते शांत कसे असतात?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : व्हेरायटी चौकातला सिग्नल डोळ्यांसमोर आणा. लाल दिव्याला तुम्ही पाच सेकंद आधी पोचा की दहा, सुटायचे हिरव्यालाच. पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये लेव्हल संपली की पुढे सोडण्याची तपासणी दर 21 फ्रेमला एकदाच होते. फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एक चित्र; सेकंदाला अशी साधारण 60, म्हणजे हा सिग्नल सुमारे 0.35 सेकंदाचा. त्या खिडकीत कुठेही पोचलात तरी फळ एकच. म्हणून 0.1 सेकंद गेला तरी कधी काही बिघडत नाही, आणि कधी एकच फ्रेम उशीर झाला की पूर्ण 0.35 सेकंद जातो.

विक्रमाच्या मार्गात आठ लेव्हल असतात : 1-1, 1-2, 4-1, 4-2 आणि 8-1 ते 8-4. पहिल्या सातांना सिग्नल लागू आहे. 8-4 कुऱ्हाडीला हात लागताच संपते, म्हणून तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते. 2016 मध्ये डार्बियन या धावपटूने 4:56.878 (4 मिनिटे 56.878 सेकंद) वेळ दिली. 2021 मध्ये निफ्टस्की 4:54.948 वर पोचला आणि 4:55 च्या आत येणारा पहिला ठरला. साडेचार वर्षांत दोन सेकंदही कमी झाले नाहीत. त्यानंतर विक्रम सरकला तो सेकंदाच्या अंशांनीच.

नॅस्कारमध्ये असा सिग्नल नाही. मे 2024 मध्ये कॅन्ससची शर्यत काइल लार्सनने ख्रिस बुशरवर 0.001 सेकंदाने जिंकली. तिथे सगळी शर्यतच 8-4 असते.

प्रश्न : माझा पुतण्या दिवसभर एकच लेव्हल खेळून राहिला आहे. थोडे चुकले की पुन्हा पहिल्यापासून. याला सराव म्हणायचे का?
— एक काका, काटोल रोड

उत्तर : नाही, काका. पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे म्हणजे प्रयत्न. सराव वेगळा असतो, आणि बहुतेक नवे खेळाडू इथेच चुकतात.

हिशोब त्याच्यासमोर मांडा. मार्गात दहा अवघड जागा आहेत आणि प्रत्येक जागा दहापैकी आठदा जमते असे धरा. दहाच्या दहा एका दमात जमण्याची शक्यता उरते 10.7 टक्के, म्हणजे नऊ-दहा प्रयत्नांत एकदा. प्रत्येक जागा दहापैकी नऊदा जमू लागली की तीच शक्यता 35 टक्के होते. एकेक जागा सुटी काढून, लागोपाठ वीसदा करून अठरा तरी जमेपर्यंत घोटावी, मगच पूर्ण धाव घ्यावी. आणि अवघड जागा मार्गात कुठे आहे तेही पाहावे. सुरुवातीच्या जागेत चुकले तर दहा सेकंद जातात, शेवटच्या जागेत चुकले तर अख्खी धाव. म्हणून शेवटच्या जागांचा सराव जास्त हवा.

स्टॉक कारच्या चालकाला ‘रीसेट’ नसतो. अर्नहार्टला डेटोना 500 ही शर्यत जिंकायला विसावा प्रयत्न लागला, 1998 मध्ये, आणि प्रयत्न वर्षातून एकच. त्यामुळे दहात एकदा जमणारी युक्ती चालक करत नाही, स्पीडरनर खुशाल करतो.

शरीराच्या कष्टांची मात्र बरोबरी नाही. शर्यतीत गाडीच्या आत पारा 50 अंशांच्या वर जातो आणि चालक तीन-साडेतीन तास त्यात असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचा बंद करून बसल्याची कल्पना करा. पुतण्याने दर पाऊण तासाला उठून मनगटे आणि बोटे मोकळी करावीत. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले की त्या दिवशी थांबावे.

प्रश्न : स्टॉक कारची तपासणी होते. घरी बसून खेळलेल्या धावेवर विश्वास कसा ठेवायचा?
— एक वाचक, महाल

उत्तर : तपासणी दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे ती ठेच लागल्यावरच कडक झाली. नॅस्कारच्या मुख्य मालिकेची पहिलीच शर्यत, 19 जून 1949, शार्लट : ग्लेन डनअवे पहिला आला, पण गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला. तो बाद झाला आणि विजय जिम रोपरला मिळाला.

व्हिडिओ गेममध्ये ‘ड्रॅगस्टर’ या गाडी पळवण्याच्या जुन्या खेळाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टॉड रॉजर्सची 1982 ची 5.51 सेकंदांची वेळ पस्तीस वर्षे विक्रम म्हणून मानली गेली. मग खेळाचा कोडच तपासला गेला आणि 5.57 च्या खाली जाता येत नाही असे दिसले. 2018 मध्ये गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने तो विक्रम काढून टाकला. आज धावेचा सलग व्हिडिओ लागतो. जोडकाम केले असेल तर आवाजाच्या आलेखात खंड दिसतो. वरच्या जागांसाठी अनेक खेळांत हाताचे चित्रण किंवा दाबलेल्या बटणांची नोंदही मागतात.

प्रश्न : नागपुरात घरी सुरुवात करायची तर काय लागेल? खर्च कमी हवा.
— दोन मैत्रिणी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ‘सेलेस्ते क्लासिक’पासून सुरू करा. ब्राउझरमध्ये फुकट चालतो, 30 छोट्या पायऱ्या आहेत आणि साधा लॅपटॉप पुरतो. कळफलक आधी तपासा : स्वस्त कळफलकावर तीन कळा एकत्र दाबल्या की एक नोंदलीच जात नाही. उजवा बाण, वरचा बाण आणि डॅशची (झेप घेण्याची) कळ एकत्र दाबून पाहा. तिरकी झेप सरळ जाऊ लागली तर दोष तुमच्या बोटांचा नाही.

वेळ मोजायला ‘लाइव्हस्प्लिट’ फुकट मिळते. तीस पायऱ्यांचे तीस तुकडे करू नका, पाच-पाच पायऱ्यांचे सहा पुरेत. आठवड्यानंतर ‘सम ऑफ बेस्ट’ पाहा. सहाही तुकड्यांतल्या तुमच्या सर्वोत्तम वेळांची ती बेरीज असते. ती आणि तुमची पूर्ण धाव यांत मोठे अंतर असेल तर नव्या युक्त्या शोधू नका, सातत्य कमी पडते आहे. अंतर कमी असेल तरच मार्ग बदला.

चित्रणासाठी ‘ओबीएस’ हे सॉफ्टवेअर वापरा. 6000 केबीपीएसवर (सेकंदाला 6000 किलोबिट) तासाला सुमारे 2.7 जीबी जागा जाते. थेट प्रक्षेपणापेक्षा लॅपटॉपवरच साठवा, म्हणजे नेट गेले तरी धाव जात नाही. टीव्ही जोडलात तर ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असला की चित्र सजवण्यात टीव्ही सहज 50 मिलिसेकंद घालवतो, म्हणजे तीन फ्रेम.

डेस्कटॉप असेल तर घरच्या इन्व्हर्टरची कळ ‘यूपीएस’वर ठेवा. ‘नॉर्मल’वर वीज बदलायला वेळ जास्त लागतो आणि संगणक बंद पडून धाव जाते.

उन्हाळ्याची अडचण खरी आहे. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, खेळ अडखळतो, आणि घड्याळ मात्र चालूच राहते. लॅपटॉप मागून दोन-तीन सेंटीमीटर उचला, गादीवर ठेवू नका. कूलरचा झोत अंगावर घ्या, यंत्रावर नको; त्यात पाण्याचे तुषार येतात. एप्रिल-मेमध्ये पूर्ण धावा सकाळी आठच्या आत घ्या आणि दुपार सुट्या तुकड्यांच्या सरावाला ठेवा.